हातावरचं इंजिन

१

आमच्या स्वयंपाकघरातली जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, दोन झाकणं गेली तेव्हा मी काही बोलले नाही. तिसरं गेलं तेव्हा मात्र विचारलं, “अहो, आता दूध कशानं झाकू?”

“ताटलीनं झाक,” हे म्हणाले. “झाकणाचं प्रमोशन झालं. ते आता इंजिनात गेलं.”

हे म्हणजे माझे यजमान, अवधूतराव. पांढरकवड्याच्या एका जिनिंगमध्ये त्यांचं सारं आयुष्य फिटर म्हणून गेलं. कापसातून सरकी आणि रुई वेगळी करणारी ती यंत्रं हंगामात दिवसरात्र चालत, आणि रुईला आगीचं भय फार. एखादं बेअरिंग तापलं, ठिणगी उडाली, की गंजीच्या गंजी जातात. म्हणून फिटरनं सारखी फेरी मारायची आणि प्रत्येक बेअरिंगला हाताची पाठ लावून बघायची. तळहाताला घट्टे पडलेले असतात, त्याला उष्णता नीट कळत नाही. हाताच्या पाठीला कळते. ही सवय ह्यांनी घरीही आणली. मुलीचं कपाळ, भाकरीचा तवा, अंघोळीचं पाणी, सगळ्याला आधी हाताची पाठ लागायची. ह्यांचं बघून मलाही तीच सवय लागली.

ही गोष्ट दोन हजार पाचची. भाव पडलेले होते आणि आमच्याकडचा कापूस गाड्या भरून आदिलाबादकडे चालला होता. एरवी दसऱ्याच्या आधी जिनमध्ये पूजेची तयारी सुरू होई, यंत्रांना ग्रीस भरलं जाई. त्या वर्षी शेठचा निरोप आला, यंदा मुहूर्त नाही.

हे घरी बसले. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्टूल घेऊन बसत आणि स्वतःच्या हातांकडे बघत. मी बोलले तर ‘हं’ म्हणत. जेवायला वाढलं तर जेवत. घरात रेडिओ लागला तरी त्याचा आवाज मोठा वाटायचा.

मग एक दिवस सकाळी उठून हे केळापूरच्या रस्त्यानं चालत निघून गेले. घड्याळ फळीवर ठेवून गेले, चष्माही. त्या वर्षांत आमच्या भागात कर्जापायी माणसं जीव देत होती; असा कोणी निघून गेला, की घरातली माणसं एकमेकांशी बोलत नसत, नुसती दाराकडे बघत. मी दिवसभर दाराकडे बघितलं.

दिवेलागणीला हे परत आले. चपला धुळीनं भरलेल्या. आणि चेहरा हसरा. कितीतरी दिवसांनी हसरा.

“सुमेधा,” म्हणाले, “मस्त आल्याचा चहा कर. आणि ते ऋचानं पाठवलेले कागद कुठं आहेत? इंजिनाचे?”

कुठं गेला होतात, असं मी विचारलं नाही. माणूस परत आला होता. मी आलं किसायला घेतलं. थोडं जास्तच पडलं.

२

ऋचा आमची मुलगी. अमरावतीला होस्टेलवर राहून शिकत होती. बाबा घरी बसलेत म्हणून तिनं कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून हवेवर चालणाऱ्या इंजिनाची माहिती छापून पाठवली होती.

मी दहावीपर्यंत शिकलेली, पण ह्यांनी मला ते असं समजावलं की मीही दुसऱ्याला समजावू शकले असते. खाली जर्मनची एक चकती, वर एक. मध्ये प्लॅस्टिकचा गोल डबा. डब्यात थर्माकोलची सैल चकती, वरखाली होणारी. खालची बाजू गरम आणि वरची गार असली, की आतली हवा फुगते आणि आकसते. त्यानं काचेच्या जुन्या सिरिंजमधला दट्ट्या हलतो आणि वर बसवलेली सीडी चाकासारखी फिरते. वीज नको, पेट्रोल नको.

“आणि दोन्ही बाजू सारख्याच गरम झाल्या तर?”

“तर थांबलं. फरक नाही तर काम नाही.”

शेडमधून दिवसभर आवाज यायचे. कानसीचा, पत्रा कापायच्या कात्रीचा, आणि मध्येच शिटीचा. हे लग्नानंतर पहिल्यांदाच शीळ घालत होते. सायकलच्या चाकाची तार वाकवून त्यांनी दांडा केला. सिरिंज डॉक्टरांच्या कंपाउंडरकडून मागून आणली. तो म्हणाला, “काय अवधूतभाऊ, आता सुया टोचाले निंगाले काय?” तर हे म्हणाले, “हो, पहिली तुलेच टोचतो, बस खाली.”

पहिल्यांदा ते चाललं ते गरम चहाच्या ग्लासावर. ह्यांनी इंजिन ग्लासाच्या तोंडावर ठेवलं, थोडा वेळ थांबले आणि सीडीला बोटानं हळूच धक्का दिला. टिक्, फुस्. टिक्, फुस्. सीडीवर खिडकीतलं ऊन पडलं होतं आणि भिंतीवर रंगीत पट्टे फिरत होते. मी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी मला नमस्कार केला, नाटकातल्यासारखा.

चहा मात्र कोणीच प्यायला नाही. तो इंजिनानं प्यायला, असं हे म्हणाले.

३

लखन राठोड सर आमच्या गल्लीच्या टोकाला राहत. शाळेत विज्ञान शिकवत आणि येता-जाता चहाच्या वासावर आमच्याकडे वळत. त्यांनी इंजिन बघितलं आणि खुर्ची पुढे ओढली.

“अवधूतभाऊ, हे तं लय भारी काम केलं तुमी. जानेवारीत आमच्या शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन आहे. संस्थेचे अध्यक्ष येऊन राह्यले. आन शाळेतल्या वर्कशॉपले मानूस पाह्यजे. पोरायले हातानं काही बनवाले शिकवनारा.”

“मी शिकवू? माझं शिक्षण काय?”

“शिक्षण कोन इचारते? अध्यक्षायच्या डोयात भरलं पाह्यजे, बस. पन एक सांगतो. चहावर चाललं तं पोट्टे टाळ्या वाजवतील. हातावर चाललं पाह्यजे.”

“हातावर?”

“हो न. थंडीत हाताची ऊब पुरते म्हनतात, मशीन हलकं असन तं. नुसतं तळहातावर ठेवाचं आन चाक फिरते. मंग पाहा अध्यक्षाचं तोंड.”

ते गेल्यावर हे उंबऱ्यावर बसले. मला वाटलं, पुन्हा हातांकडे बघायला लागतात की काय. पण ते म्हणाले, “सुमेधा, पुन्हा कुठं फेरी मारायला मिळाली तर बरं होईल गं. लोकांमध्ये.”

मी तेव्हाच मनाशी ठरवलं. हे इंजिन ह्यांच्या हातावर चालायलाच पाहिजे. पुन्हा ते शेडमधले दिवस नकोत. ती केळापूरची वाटही नको.

ह्यांनी दुसरं इंजिन बनवायला घेतलं, पहिल्यापेक्षा हलकं. सीडीला भोकं पाडून वजन कमी केलं. थर्माकोल पॉलिश पेपरनं घासून पातळ केला. थंडी पडली तोवर ते तयार झालं.

आणि ह्यांच्या हातावर ते चाललं नाही.

४

बिघाड शोधणं हे ह्यांचं आवडतं काम. जेवणापेक्षाही आवडतं. आधी हवा कुठून निघते ते बघितलं. इंजिन बादलीत बुडवून बुडबुडे शोधले. एक सापडला, तिथं पुट्टी लावली. मग दट्ट्याला तेल लागलंय असं ठरलं, म्हणून सिरिंज स्पिरिटनं पुसली. मग दांड्याचा कोन चुकला असं ठरलं. दर वेळी चहाच्या ग्लासावर ते पळायचं. तळहातावर ठेवलं की हे वाट बघायचे, बोटानं धक्का द्यायचे, चाक एक गिरकी घ्यायचं आणि बसायचं. आत काही बिघडलेलं नसताना बसायचं.

हंसाबाई सकाळी तांड्यावरून दूध घेऊन आमच्याकडे यायची. तिला हे म्हणाले, “हंसाबाई, जरा हात दे.”

“काहून, भविष्य सांगता का?”

“इंजिन ठेवतो.”

“मह्या हाताले शेण आहे, बाप्पा!” असं म्हणत तिनं पदराला हात पुसला. ह्यांनी इंजिन तिच्या हातावर ठेवलं. थोड्या वेळानं धक्का दिला. टिक्, फुस्. टिक्, फुस्.

“ए याडी!” हंसाबाई तिच्या बोलीत आईच्या नावानं ओरडली. “जिवंत आहे काय हे? काढा, काढा, गुदगुल्या होऊन राह्यल्या!”

आम्ही सगळे हसलो. हे सगळ्यात जास्त हसले. मग त्यांनी ते स्वतःच्या हातावर घेतलं, आणि ते थांबलं. माझ्या हातावर दिलं. फिरायला लागलं. परत त्यांच्या हातावर. थांबलं.

“तुमचे हात घट्ट्यांचे आहेत,” मी म्हणाले. “ऊब बाहेरच येत नसेल.”

“बरोबर,” हे म्हणाले. “जाड कातडं. ग्रीस भरून भरून झालेलं.” आणि त्यांनी पॉलिश पेपरच्या एका तुकड्यानं स्वतःचा तळहात घासला, आम्हाला हसवायला.

हंसाबाई हसली. मीही हसले. पण दुपारी भांडी घासताना माझ्या मनात आलं, की तिच्या हाताला घट्टे काही कमी नाहीत. धारा काढणारा, कुट्टी कापणारा हात तिचा.

त्याच दिवशी चुलीवरून उतरवलेल्या पाण्याच्या भगुण्याला ह्यांनी हाताची पाठ लावली. लावली आणि तशीच ठेवली. मी बघत होते. पाणी उकळलेलं होतं, वाफ दिसत होती.

“अहो!”

“कोमट आहे,” हे म्हणाले आणि हात काढला. हाताला काही झालं नव्हतं. मग तोच हात त्यांनी गमतीनं माझ्या गालाला लावला. तो भगुण्याइतकाच गरम होता.

५

मी साधी बाई आहे. मला घाबरायचं असलं तरी आधी कारण शोधते. वय वाढलं की रक्त पातळ होतं. काही माणसांचे हात थंडीत बर्फासारखे होतातच. आमच्या आत्याबाईंचे व्हायचे. रात्री गोधडीत शिरताना हे म्हणत, “आधी तू गरम कर, मग मी येतो,” तीही जुनीच थट्टा होती. जुनीच असावी.

एक दिवस हे अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. बराच वेळ बसले. मग आत आले, सहज इंजिन उचललं, हातावर ठेवलं आणि ते सुरू झालं. असं जोरात, की सीडी दिसेनाशी झाली.

“सापडला!” हे ओरडले. “बिघाड सापडला! काल दांडा वाकवला ना, तोच!”

मी आनंदानं पळत आले. टिक्-फुस्, टिक्-फुस्, टिक्-फुस्. हे माझ्याकडे बघून हसत होते. मी चाकाकडे बघत होते. हळूहळू त्याच्या कडा दिसायला लागल्या. मग भोकं दिसायला लागली. मग ती मोजता आली असती इतकी सावकाश झाली. मग ते थांबलं.

“परत लीक,” हे म्हणाले आणि खुशीतच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शेडमध्ये गेले.

इंजिन टेबलावर होतं. अंगणात माझा पाटा होता, वाटण वाटायचा, तोही उन्हातच. मी तो उचलून सावलीत आणला. का आणला, ते मी स्वतःला सांगितलं नाही. त्याच्यावर इंजिन ठेवलं आणि धक्का दिला.

आधी जोरात. सीडी दिसेनाशी झाली. मग कडा. मग भोकं. मग थांबलं. अगदी तसंच.

मग मी ते माझ्या हातावर घेतलं. बारीक गतीनं फिरत राहिलं. शेजारच्या रेडिओवर बातम्या लागल्या, संपल्या, गाणी लागली, तरी फिरत होतं. हात अवघडला म्हणून मीच ते खाली ठेवलं.

शेडमधून शीळ येत होती. मी पाटा परत उन्हात ठेवून आले. त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ पडलं. ह्यांनी एक शब्द न बोलता ती खाल्ली आणि वर म्हणाले, “आज चव आहे.”

६

शेजारून थर्मामीटर मागून आणला. “तुम्हाला बारीक ताप वाटतोय,” असं खोटंच म्हणाले. हे लगेच आज्ञाधारक मुलासारखे तोंड उघडून बसले, थर्मामीटर तोंडात धरून डोळे मिचकावत राहिले. मी तो खिडकीशी नेऊन बघितला. पारा खालीच होता. होता तिथून हललाही नव्हता.

थर्मामीटर जुना होता. बिघडला असेल. तो बिघडलाय का हे बघायला मी तो धुऊन माझ्या तोंडात धरायला हवा होता. मी तो धरला नाही. डबीत घालून परत देऊन आले.

“किती आहे?” ह्यांनी विचारलं.

“नाहीच,” मी म्हणाले.

“पाहा! म्हटलं होतं ना, मी ठणठणीत आहे.”

आणि होतेच. हे भरपूर जेवत. ऋचाशी फोनवर थट्टा करत. लखन सरांशी इंजिनावरून वाद घालत. जिन बंद झाल्यावरचे ते मुके दिवस आठवले की मी देवापुढे हात जोडत असे. मागणं काय मागायचं ते मात्र सुचत नसे.

प्रदर्शनाच्या आधल्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. सकाळी उजाडता उजाडता मला जाग आली, तेव्हा हे शेजारी नव्हते. मागचं दार उघडं होतं. मी शाल घेऊन अंगणात आले.

धुकं होतं. तुळशीपाशी लोखंडी खुर्ची टाकून हे बसले होते. पाठ माझ्याकडे. हातावर इंजिन, डोकं किंचित वाकवलेलं, बिघाड शोधताना वाकवायचे तसं. मी पुढे जाऊन समोर उभी राहिले.

खुर्चीच्या दांड्यांवर दव बसलं होतं. बाहेर राहिलेल्या पितळी तांब्यावर बसलं होतं. इंजिनाच्या चकतीवर, सीडीवर बारीक थेंब जमले होते. आणि तसेच, अगदी तसेच थेंब ह्यांच्या हातावर होते. बोटांवर. गालांवर. कपाळावर एक थेंब मोठा झाला, सरकला आणि भुवईत थांबला. पापण्यांवर थेंब होते आणि डोळे उघडे होते.

तोंडासमोर माझ्या श्वासाची वाफ होत होती. माझ्याच.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. गल्लीच्या टोकाला कोणाची तरी सायकल वाजली. हे हलले.

“उठलीस?” म्हणाले. आवाज नेहमीचा, हसरा. “लवकर जाग आली म्हणून म्हटलं, थंडीत बघू चालतंय का. पाणी ठेव चहाचं.” आणि बाहीनं त्यांनी आधी खुर्चीचा दांडा पुसला, मग इंजिन पुसलं, मग तोंड. एकाच हातानं, एकाच रीतीनं.

मी पाणी ठेवलं. आलं किसलं. ह्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला आणि ‘आहाहा’ म्हणाले. मी चुलीपाशी बसून त्यांच्याकडे बघत होते. ह्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. पंचवीस वर्षांचा संसार आमचा. असं भुवया उडवणारं माणूस जगात दुसरं नाही.

मग मीही हसले. आणि विचार करायला लागले, की शाळेच्या हॉलमध्ये ऊन कुठल्या बाजूनं येतं.

७

ऊन कुठूनच येत नव्हतं. हॉल दगडी फरशीचा, उत्तरेकडे खिडक्या. पोरं स्वेटर घालून आपापल्या टेबलापाशी उभी होती. कोणाचा ज्वालामुखी, कोणाचं ठिबक सिंचन. लखन सरांनी ह्यांना मधलं टेबल दिलं होतं.

मी घरून थर्मासमध्ये चहा आणला होता, उकळता. अध्यक्ष दारातून आत आले तसा मी तो स्टीलच्या ग्लासात ओतून ह्यांच्या हातात दिला.

“आता चहा कशाला?”

“घसा कोरडा पडेल. दोन्ही हातांनी धरा, सांडेल.”

ह्यांनी धरला. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. पण अध्यक्षांनी ज्वालामुखीपाशी भाषण सुरू केलं. मग ठिबक सिंचनापाशी दुसरं. ग्लासातली वाफ विरत गेली. मी तो काढून घेऊन दुसरा भरला. थर्मासमध्ये तेवढाच होता.

शेवटी ते आले. जाडजूड, कोट घातलेले, भले गृहस्थ वाटत होते. “हं, काय आहे आपलं?”

“साहेब,” लखन सर म्हणाले, “हे अवधूतभाऊ. यायचं इंजिन हाताच्या उबीवर चालते. ना लाइट, ना गॅस.”

“हाताच्या?”

ह्यांनी ग्लास खाली ठेवला, इंजिन तळहातावर घेतलं, बोटानं धक्का दिला. टिक्, फुस्. टिक्, फुस्. चाक फिरायला लागलं. पोरं भोवती गोळा झाली, एकमेकांच्या खांद्यांवर चढली. “सर, सेल कुठं आहे?” “खाली वायर असन!” अध्यक्षांनी वाकून ह्यांच्या हाताखालून बघितलं आणि वर बघून म्हणाले, “कमाल आहे! किती वेळ चालतं हे?”

“हातात जीव आहे तोवर, साहेब,” हे म्हणाले. सगळे हसले.

मी चाकाच्या कडा बघत होते. त्या दिसायला लागल्या होत्या.

“म्हणजे दिवसभर?” अध्यक्षांनी खिशातून चष्मा काढला. त्यांना नीट बघायचं होतं. ते घाईत नव्हते. “हे वर्कशॉपला शिकवणार का पोरांना? छान. थांबा, मला जरा समजू द्या.”

भोकं दिसायला लागली. ह्यांनीही ती बघितली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच होतं, पण शेडमधल्या स्टुलावर बसायचे तेव्हा जसं बघत, तसं ते स्वतःच्या हाताकडे बघायला लागले. टिक्... फुस्... टिक्...

मी पुढे गेले. इतक्या लोकांत मी कधी पुढे गेले नव्हते. माझे दोन्ही हात ह्यांच्या हाताखाली लावले आणि घट्ट धरले.

“अरे वा, वैनी!” लखन सर म्हणाले. “पुन्यांदा लग्न लावून राह्यले काय? अक्षता आनू?”

हॉलभर हशा झाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी मान खाली घातली, लाजल्यासारखी. ह्यांचा हात टेबलासारखा होता. टेबलाइतकाच गार. मग तो माझ्या हातात हळूहळू कोमट होत गेला, जसा पाटा होतो उन्हात, आणि वर चाक पुन्हा फिरायला लागलं. टिक्, फुस्. टिक्, फुस्.

“पुन्हा वाढली की स्पीड!” अध्यक्ष म्हणाले. त्यांनी टाळी वाजवली आणि मागोमाग सगळ्या हॉलनं वाजवली. “अवधूतराव, सोमवारपासून या तुम्ही. कागदपत्रं राठोड सर बघतील.”

“येतो साहेब,” हे म्हणाले.

अध्यक्ष पुढच्या टेबलाकडे वळले, पोरंही त्यांच्या मागे गेली. इंजिन चालूच होतं. मला बोटं कळत नव्हती. मनगटंही नाही. गारवा कोपरापर्यंत आला होता आणि वर चढत होता, सावकाश, पाणी भरावं तसा. ह्यांचा हात मात्र छान ऊबदार झाला होता. लग्नात हातात हात दिला होता तेव्हा होता, तसा.

“सोड आता,” हे माझ्याकडे न बघता, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले. थट्टेचा आवाज नव्हता तो. “ऊब तुलाही पुरली पाहिजे, सुमेधा.”

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

“तुम्ही चाकाकडे बघा,” मी म्हणाले. “दांड्याचा आवाज बरोबर येतोय ना?”

ह्यांनी डोकं किंचित वाकवलं आणि कान दिला.

“येतोय,” म्हणाले.

“मग झालं,” मी म्हणाले आणि हात आणखी घट्ट धरला.